दोन रेघा

“डोळे पिवळे दिसताहेत रे तुझे. कावीळ तर नाही ना? उद्या सकाळची पहिली लघवी या बाटलीत दे, तपासून आणते.”

गेल्या दिवाळीनंतर आमच्या बार्शीतल्या एका आईनं आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला असं सांगितलं. मुलाचे डोळे पिवळे नव्हते. लाल होते. आणि मैत्रिणींनो, ते वाक्य त्या आईचं नव्हतंच. ते मी तिला शिकवून पाठवलं होतं.

ही आई आमच्या भिशीतली. नाव सांगत नाही, गाव लहान आहे. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीला आला तो वाळून आल्यासारखा. दुपारी बारापर्यंत झोपायचा, रात्रभर जागा, खोलीचं दार लावलेलं. जेवायला हाक मारली तर खेकसायचा. वडिलांच्या खिशातून दोनदा पाचशेची नोट गेली. एवढं पुरेसं असतं हो आईला. त्यात पेपरमधल्या बातम्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एमडी बनवणारा कारखाना पकडला, त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभला. पूर्वी ‘ड्रग्ज’ म्हटलं की मुंबई डोळ्यांसमोर यायची. आता एसटीच्या थांब्यांची नावं येतात.

ती माझ्याकडे आली, कारण मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. “ताई, तुम्हाला ठाऊक असेल, ही तपासणी कुठं करतात?” मला ठाऊक नव्हतं. पण बाईंना ठाऊक नाही असं म्हणायची सवय नाही ना! म्हटलं, “त्यात काय, कुठल्याही लॅबमध्ये होईल.”

मग आम्ही दोघी निघालो. पहिल्या लॅबमध्ये काउंटरपुढे सात-आठ माणसं. शुगरवाली, थायरॉइडवाली, एक सात महिन्यांची गरोदर मुलगी. मैत्रिणीनं पदर सारखा केला, पुढे वाकून हळूच विचारलं. काउंटरवरच्या मुलानं आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, “ओ सर, ड्रग्जची टेस्ट आपण करतो का? या मॅडम विचारतायत.” सगळ्या माना वळल्या. त्या गरोदर मुलीची सासू आमच्याच गल्लीतली. मैत्रीण तशीच मागे फिरली. मी तिच्या मागोमाग. पायरीवर ती मला एवढंच म्हणाली, “आता संध्याकाळपर्यंत गावभर.” आणि झालंही तसंच.

दुसरं होतं मोठ्या कंपनीचं कलेक्शन सेंटर. तिथली मुलगी बिचारी चांगली होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, की इथं फक्त नमुना घेतात, तपासणी मुंबईला होते, रिपोर्टला काही दिवस लागतात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत तर बरं. शिवाय तिनं विचारलं, “कोणतं पॅनल करायचं? पाच की दहा?” आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पॅनल म्हणजे आम्हाला पंख्याचं नाहीतर सोलरचं. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि फॅमिली डॉक्टर म्हणजे मैत्रिणीच्या दिरांचे वर्गमित्र. तिथंच तो रस्ता बंद झाला.

शेवटी एका मेडिकलमधून, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, आम्ही घरी तपासायचं किट आणलं. काही शे रुपयांचं. एक चपटी डबी, त्यात पाच खिडक्या, प्रत्येक खिडकी एकेका नशेची. गांजा, अफूची जात, कोकेन, वगैरे. बरोबर इंग्रजी कागद, अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी.

कावीळ तपासायची म्हणून मुलानं मुकाट्यानं बाटली आणून दिली. माझ्या समोर, तिच्या मोरीत आम्ही ती तपासली. आणि पाच मिनिटांनी पाचही खिडक्यांत दोन-दोन लाल रेघा.

दोन रेघा म्हणजे काय, हे आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. आपण प्रत्येकीनं कधी ना कधी न्हाणीघरात धडधडत्या छातीनं ती पट्टी हातात धरलेली असते. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे. मैत्रीण तिथंच खाली बसली. मी शिकवणारी बाई, मी खात्री करून सांगितलं, “हो गं, पाचही.”

पाचही! एकोणीस वर्षांचा मुलगा एकाच आठवड्यात जगातल्या पाचही नशा करतो, हे मला त्या क्षणी विचित्र वाटलं नाही. चष्मा घरी राहिला होता, असं कारण मी स्वतःला अजून देते. पण चष्मा असता तरी मी तो कागद वाचला असता असं नाही. मला वाटत होतं, मला येतं.

रात्री वडिलांनी मुलाच्या मुस्काटात मारली. ‘कावीळ’ खोटी होती हे त्याला कळलं. तो काहीच बोलला नाही, सॅक घेऊन रात्रीच्या पुण्याच्या गाडीला बसला. अनारशांचा डबा टेबलावरच राहिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. केसपेपर काढला, नंबर लावला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मैत्रिणीनं मोबाइलमधला पट्टीचा फोटो पुढे केला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “हे कोणी वाचलं?”

“मी,” मी म्हटलं.

“ही निगेटिव्ह आहे.”

त्यांनी शांतपणे समजावलं. या पट्टीत वरची ‘सी’ची रेघ येते ती पट्टी चालू आहे हे दाखवायला. खालची ‘टी’ची रेघ उमटली, अगदी फिकट का होईना, तर ती नशा सापडली नाही. रेघ उमटलीच नाही तर सापडली असण्याची शक्यता. म्हणजे गरोदरपणाच्या पट्टीच्या नेमकं उलट. निळा लिटमस आम्लात तांबडा होतो, हे मी हजारो मुलांना शिकवलं. आणि एका मुलाच्या बाबतीत मी रेघ उलटी वाचली.

मैत्रीण रडायला लागली. आधी सुटकेनं असावं, मग त्या मुस्काटाच्या आठवणीनं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. माझी हिंमत झाली नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही, म्हणून तर हे लिहायला बसले. कारण त्या बाई पुढे म्हणाल्या, “निगेटिव्ह म्हणजे काही घेत नाही, असंही नाही हं.” घरगुती पट्टी जेवढं विचारलं तेवढंच सांगते. ज्या एमडीच्या बातम्यांनी आमची झोप उडवली होती ते साध्या पट्टीवर बहुतेक वेळा कळतच नाही, त्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते. पंक्चरचं सोल्यूशन, थिनर हुंगणारी पोरं या पट्टीत सापडत नाहीत. वेळेचंही गणित आहे. एखाद-दुसऱ्या वेळी ओढलेला गांजा लघवीत तीन-चार दिवस दिसेल, रोज ओढणाऱ्याचा महिनाभरही दिसू शकतो. अफूच्या जातीचं साधारण दोन-तीन दिवस. दारू श्वासात आणि रक्तात काही तासच, फार तर दिवसभर. शनिवारी प्यायलेली मंगळवारी श्वासात शोधून काय मिळणार?

आणि पॉझिटिव्ह आलं तरी तो शेवटचा शब्द नाही. पट्टीवर सापडलं तर तोच नमुना मोठ्या यंत्रावर पक्का करून घ्यावा लागतो. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, तेही अफूच्याच खिडकीत दिसतं. मग बाईंनी विचारलं, “दिवाळीत अनारसे खाल्ले होते का?” आम्हाला वाटलं, बाई विषय हलका करताहेत. त्या अगदी गंभीर होत्या. खसखस अफूच्याच बोंडातून येते. तिच्यावर अफूचा अंश राहिलेला असतो आणि भरपूर खसखस पोटात गेली तर लघवीची तपासणी फसू शकते. म्हणून तर अमेरिकेत १९९८ मध्ये नोकरीच्या तपासणीतली अफूची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमपर्यंत वाढवली. बाजारातल्या काही पट्ट्या अजून ३०० वालीच मर्यादा धरतात. तेव्हा बाळंतिणीला खसखशीची खीर द्या, अनारसे थापा, काही हरकत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मुलाच्या मागे लागू नका.

आता दारू. ‘दारूला कसली तपासणी? पायरीवरच्या चपलेच्या आवाजावरून कळतं,’ असं आपण बायका म्हणतो, आणि ते खोटंही नाही. पण कळणं वेगळं आणि किती, कधीपासून, शरीराला किती लागलीय, हे समजणं वेगळं. पोलिसांचं फुंकायचं यंत्र आपल्या कामाचं नाही. ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ साठी, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आहे का एवढंच बघतं. सरकारी दवाखान्यात पोलीस रक्त काढायला लावतात, ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. तो सगळा खटल्याचा रस्ता. घरातल्या प्रश्नासाठी तिथं उभं राहून उपयोग नाही.

उरतो लिव्हरचा रिपोर्ट. ‘लिव्हर तपासा म्हणजे दारू कळेल’, हा दुसरा गैरसमज. जीजीटी नावाची एक तपासणी दारूनं वाढते खरी, पण ती चरबीच्या लिव्हरनं वाढते, काही औषधांनीही वाढते. उलट रोज पिणाऱ्याचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येऊ शकतो. मग काय होतं, ते किती घरांत घडलं असेल! नवरा तो कागद बायकोच्या नाकासमोर नाचवतो, “बघ, ठणठणीत आहे. उगाच बोंबलत असतेस.” जी तपासणी आपण पुरावा म्हणून करायला गेलो ती त्याचा परवाना होऊन बसते.

डॉक्टर लोक सुरुवात कशानं करतात माहीत आहे? दहा प्रश्नांनी. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सकाळी उठल्यावर लागते का, पिऊन कुणाला इजा झाली का, घरचे बोलले का. ना सुई, ना बाटली. फक्त त्या माणसानं समोर बसून खरं बोलायला हवं. आणि खरं तो कधी बोलेल? त्याला फसवून आणलं नसेल तेव्हा.

माझा सगळा सल्ला इथंच चुकला होता. पट्टी उलटी वाचली ही नंतरची चूक. पहिली चूक ती कावीळ. समजा पट्टी खरोखर पॉझिटिव्ह असती, तरी तिचं पुढं काय करणार होतो? मुस्काटात मारण्यापलीकडे आमच्याकडे काही योजनाच नव्हती. आपण चपातीचं पीठ मळायच्या आधी तवा बघतो, आणि इथं पुढचं पाऊल ठरवल्याशिवाय पोराची लघवी तपासायला निघालो. अठरा वर्षांपुढच्या मुलाच्या संमतीशिवाय अशी तपासणी करणं बरोबरही नाही, हे मला त्या बाईंनी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. आई आहे म्हणजे सगळं चालतं, असं मी धरून चालले होते.

काहीजणी म्हणतील, “ताई, विचारून का कुणी कबूल करतं?” नाही करत, मान्य. चोरी पकडली जाईल तेव्हाच तो बोलेल, असंही वाटतं. पण ज्या घरात माणूस दारूत बुडालेला आहे, तिथं मी एक गोष्ट मुद्दाम सांगते. रिपोर्ट आला, राग आला, खोलीत कोंडला, बाटली फोडली, असं करू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, फिट येणं, भलतंसलतं दिसणं-बरळणं सुरू होऊ शकतं. त्यात जीवही जातो. ते बंद करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मग जायचं कुठं? आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात खरं तर दारं आहेत, पाटी नाही. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार ओपीडी असते, तिथं तपासणीही सुचवतात आणि पुढचा रस्ताही. सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन १४४४६. मन मोकळं करायला टेली-मानसचा १४४१६, हा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला, त्यावर मराठीत बोलता येतं. पुण्यात येरवड्याजवळ मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं. घरच्या माणसांनी काय करायचं, हेही तिथं शिकवतात. आणि खासगी लॅबमध्ये जायचंच तर आधी फोनवर विचारा: पट्टीची प्राथमिक तपासणी आहे की पक्की, कोणकोणते पदार्थ त्यात येतात, दर किती, रिपोर्ट कुणाच्या हातात देणार. हे चार प्रश्न मला आधी ठाऊक असते तर काउंटरवरचं ते नाटक टळलं असतं.

भीती पोलिसांची असते, तीही मैत्रिणीनं विचारली. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार मात्र अर्धवट सोडायचे नाहीत. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू-ड्रग्जच्या व्यसनाला आजारात धरलं आहे, रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिला आहे. काउंटरवरच्या त्या पोराला हा कायदा कुणी सांगायचा, हा प्रश्न आहेच.

सरकारी पाहणीचा २०१९ चा एक आकडा त्या बाईंनी सांगितला, तो मनातून जात नाही. देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर अडतीस माणसांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळालेत. बाकीचे सदतीस कुठं असतात? घरी असतात. कुणाच्या तरी बायकोच्या, आईच्या, सुनेच्या गळ्यात असतात. आणि ती बाई कुठल्यातरी काउंटरपुढे पदर सारखा करून, हळू आवाजात विचारायचं धाडस गोळा करत असते. तिथंच तिला मागं फिरवलं तर ती पुन्हा दोन वर्षं येत नाही.

गावागावात आडव्या बाटलीसाठी बायकांनी मतदान करून दुकानं बंद पाडली, मला त्याचं फार कौतुक आहे. मोर्चात मीही गेलेय. पण दुकान बंद करायला आपण हजार जणी जमतो, आणि ‘ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस व्यसनाचे डॉक्टर बसवा, आणि एका पडद्याआड बसवा’ हे मागायला एक अर्जही करत नाही. कारण मोर्चात शेजारणीचा नवरा पितो, असं म्हणता येतं. पडद्याआड आपलाच जातो.

गंमत बघा. आमच्या ओळखीतला एक मुलगा जहाजावर नोकरीला लागला. जायच्या आधीच्या वैद्यकीय तपासणीत कंपनीनं त्याचीही हीच चाचणी करून घेतली, दारूची, ड्रग्जची, हीच बाटली. त्याच्या आईनं पेढे वाटले, “सगळे रिपोर्ट क्लिअर!” म्हणून चारचौघात सांगितलं. तिथं कुणाची मान वळली नाही.

मैत्रिणीच्या मुलाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिनं पुण्याला जाऊन त्याची माफी मागितली. वडील गेले नाहीत, त्यांनी फोन केला आणि हवापाण्याचं बोलून ठेवला. मुलाचे तीन विषय राहिले होते, ते त्यानं घरी सांगितलं नव्हतं. परीक्षेची पुन्हा भरायची फी म्हणून ते पैसे. झोप लागत नव्हती. आणि हो, शनिवारी रूमवर बिअर होते, हळूहळू बुधवारीही व्हायला लागली होती. हे त्यानं आपल्या आपण सांगितलं, कुठल्याच पट्टीनं नाही. आता तो तिथल्याच एका डॉक्टरांकडे जातो. आईशी बोलतो, पण घरी आला की अजून पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतःच्या हातानं भरून घेतो, असं ती म्हणते. माझ्याशी तो बोलत नाही. बोलावं असं मी धरूनही चालत नाही.

मागच्या आठवड्यात मी त्या पहिल्या लॅबमध्ये एकटी गेले. मालकांना म्हटलं, तुमच्या बोर्डावर शुगर आहे, थायरॉइड आहे, गरोदरपणाची आहे. त्याच रांगेत खाली दारू आणि अमली पदार्थांची तपासणी लिहा, दर लिहा, करत नसाल तर कुठं होते ते लिहा. म्हणजे कुणाला तोंडानं विचारावं लागणार नाही.

ते हसले. “बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बोर्डावर लिहिलं तर लोक काय म्हणतील? इथं येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयानं बघतील.”

“पहिले पंधरा दिवस बघतील,” मी म्हटलं. “एड्सची तपासणी नाही का लिहिलीय तुम्ही? तिचं कुठं काही झालं?”

त्यांनी वळून स्वतःचाच बोर्ड वाचला. म्हणाले, पुढच्या महिन्यात नवीन रंगवायचा आहे, तेव्हा बघू.

अजून रंगवलेला नाही. मी रोज भाजीला त्याच रस्त्यानं जाते.